ओरखडा कुठून सुरू होतो

विभागप्रमुखांनी अकरावी काच खिडकीच्या उजेडात धरली, एकदा अशी फिरवली, एकदा तशी, आणि टेबलावर ठेवून दिली. काचेवर चिकटवलेला दगडाचा काप केसाहून पातळ होता. त्याच्यावरून, मांजरानं नखं ओढावीत तसे, तीन लांब ओरखडे गेले होते.

“बाई, राग मानू नका,” ते म्हणाले, “पण तुमचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही.”

बावीस वर्षं ती या भूशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर दगड कापत होती. कुणीही कुठूनही दगड आणावा, तिनं त्याची चकती कापून एक बाजू गुळगुळीत करावी, ती काचेवर चिकटवावी आणि मग दुसऱ्या बाजूनं घासत घासत दगड इतका पातळ करावा की त्यातून उजेड आरपार गेला पाहिजे. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन, एवढीच जाडी शेवटी उरायची. ती मोजायला तिच्याकडे यंत्र नव्हतं. सूक्ष्मदर्शकात खनिजांचे रंग पाहून ती थांबायची. सगळे तिला कापवाल्या बाई म्हणत, आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांपैकी एखादा पहिल्या दिवशी तिला कापड विकणाऱ्या बाई समजून चुकीच्या दुकानात आल्यासारखा परत जायचा.

“बारीक पुडीत जाड पूड मिसळली असेल,” प्रमुख म्हणाले. “किंवा दाब कमी-जास्त पडत असेल. वय सगळ्यांचंच होतं.” त्यांनी एक कागद पुढे सरकवला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सगळे काप बाहेरच्या यंत्रावर करून घ्यायचे ठरलं होतं. तिची बदली नमुन्यांच्या कोठीत, दगडांना चिठ्ठ्या लावायच्या कामावर.

शेजारी, विभागात जिला सगळे मास्तरीण म्हणत, ती उभी होती. ती खरोखरच एका शाळेत विज्ञान शिकवायची. त्रेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, एक वर्षाची अभ्यासरजा घेऊन शहराबाहेरच्या काळ्या टेकडीवर प्रबंध लिहायला बसलेली. हे बिघडलेले काप तिच्याच दगडांचे होते. तिला वीस हवे होते. पंधरा झाले होते, त्यातले चार धड आणि अकरा असे. रजेचे नऊ आठवडे उरले होते.

“सर, एक विचारू?” कापवाली म्हणाली. “हा महिना संपेपर्यंत तळमजल्यावरचं दुकान माझंच ना?”

“तुमचंच.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून तिनं अकराच्या अकरा काचा गोळा केल्या आणि जिना उतरली.

मास्तरीण मागोमाग आली. “ताई, मला फार वाईट वाटतंय. माझ्या दगडांपायी तुमच्यावर हे आलं.”

“वाईट वाटून घ्यायला पुढचा महिना आहेच की. आधी सांगा, चार काप चांगले आले ते दगड कुठले?”

मास्तरणीनं वही उघडली. “टेकडीच्या पायथ्याचे.”

“आणि हे अकरा?”

“वरच्या जुन्या खाणीतले. सगळेच.”

“माझा हात पायथ्याला चांगला चालतो आणि वर गेलं की थरथरतो, असं होय?” कापवालीनं बाह्या वर सारल्या. “बसा त्या स्टुलावर.”

तिनं त्याच दिवशी, त्याच पुडीनं, त्याच लोखंडी तबकडीवर दुसऱ्या कुणाचा तरी लालसर ग्रॅनाइट घासायला घेतला. पाण्यात कालवलेली पांढरी पूड, तिच्यावर काच, काचेवर तीन बोटं, आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरणारा हात. दोन तासांनी काप तयार झाला. आरशासारखा स्वच्छ. मग तिनं खाणीतला काळा दगड लावला. शेवटच्या टप्प्यापर्यंत सगळं नीट चाललं आणि मग बोटांना एक बारीकसा खर्र असा झटका लागला. तिनं काच उचलून धुतली. ओरखडा पडला होता.

“पूड तीच, हात तोच, दिवस तोच,” ती म्हणाली. “आता दगडाला विचारू या.”

बावीस वर्षांत तिनं सूक्ष्मदर्शक फक्त जाडी पाहायला वापरला होता. दगडात काय आहे हे पाहणं तिचं काम नव्हतं. ते वरच्या मजल्यावरच्यांचं. त्या दुपारी तिनं बाराही काचा एकेक करून खाली ठेवल्या आणि प्रत्येक ओरखड्यावरून, रस्त्यावर पडलेलं काही शोधत जावं तशी, मागे मागे जात राहिली. कुठं ओरखडा वाकलेला, कुठं तुटक, कुठं दुहेरी. पण मागे जावं तर प्रत्येक ओरखडा एका खड्ड्यापाशी जाऊन थांबत होता. काही खड्डे ओबडधोबड होते. काहींना चक्क सहा बाजू होत्या.

“इथून काहीतरी निसटतंय,” ती म्हणाली, “आणि काचेखाली लोळत जाताना ओरबाडतंय.”

मास्तरणीनं डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“दगडातलं साधं खनिज निसटलं तर काय होतं?” तिनं विचारलं.

“काही होत नाही. माझी पूड त्याचं पीठ करते. पूड कुरुंदाची आहे, हिऱ्याच्या खालोखाल कठीण. या टेकडीच्या दगडात तिला पुरून उरेल असं काहीच नसतं.”

“म्हणजे जे निसटतंय ते कुरुंदाइतकं तरी कठीण असलं पाहिजे.”

“असलंच पाहिजे.”

मास्तरीण सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता की चढला होता, ते कळत नव्हतं. “ताई, कुरुंदाइतकं कठीण कुरुंदच असतं, आणि त्याचे स्फटिकही सहा बाजूंचे. आणि कुरुंद निळं असलं की आपण त्याला काय म्हणतो?”

कापवालीला उत्तर माहीत होतं. शहरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. काळ्या टेकडीला वळसा घालून जाणाऱ्या नदीच्या वाळू-गोट्यांत पिढ्यान्‌पिढ्या निळे खडे सापडत आले होते. माणसं चाळण्या घेऊन पाण्यात उभी राहायची. महिन्यात एखाद्याला करंगळीच्या नखाएवढा नीलम मिळायचा. पण हे खडे मुळात कुठल्या खडकातले, हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकही नीलम आजवर खडकात बसलेला मिळाला नव्हता. तीस वर्षांपूर्वी एका तरुण प्राध्यापकानं लिहिलं की ते पूर्वेच्या उंच डोंगररांगेतून, ऐंशी किलोमीटरवरून वाहत आले आहेत, आणि तेव्हापासून सगळे तेच शिकत आणि शिकवत होते. तो तरुण प्राध्यापक म्हणजे आजचे विभागप्रमुख.

“टेकडीत नीलम असूच शकत नाही, असं सर सांगतात,” मास्तरीण म्हणाली. “आणि एका अर्थी त्यांचं बरोबर आहे. टेकडी म्हणजे थिजलेला लाव्हा. नीलमाला लागतं ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, आणि निळेपणासाठी चिमूटभर लोखंड नि टायटॅनियम. पण लाव्हात सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य, भरपूर. सिलिका समोर असली की ॲल्युमिनियम तिच्याशी संसार थाटून मोकळं होतं, आणि त्याचं फेल्स्पार नावाचं साधं खनिज बनतं. नीलमाच्या वाट्याला काही उरतच नाही.”

“मग हा सहा बाजूंचा खड्डा कुणाचा?”

“लाव्हात जन्मला नसेल. खाली, तीस-चाळीस किलोमीटर खोल, जिथं सिलिका कमी पडते अशा जागी आधीच तयार झाला असेल. मग लाव्हा खालून जोरात वर निघाला आणि वाटेतला खडक फोडून त्याचे तुकडे, दाणे, जे हाती लागेल ते घेऊन आला. पाव्हणा म्हणून.”

“पाव्हण्याचं आदरातिथ्य कसं झालं?”

“वाईट,” मास्तरीण हसली. “लाव्हा त्याला वाटेतच विरघळवायला लागला असणार. वर यायला फार दिवस लागले असते तर काहीच उरलं नसतं.”

पुढचे आठ दिवस कापवाली दाणा जागेवर धरून ठेवण्याच्या मागे लागली. तिनं चकती आधी पातळ राळेत बुडवून तापवली, म्हणजे राळ भेगाभेगांत शिरून दाण्यांना पकडेल. दाब निम्मा केला. शेवटचा हात हिऱ्याच्या लेपानं दिला, कारण हिरा तेवढा कुरुंदाला भारी. दोन काचा तरीही गेल्या. तिसऱ्या काचेत एक दाणा टिकला. भोवतालचे फेल्स्पार योग्य तसे करडे दिसत होते, आणि त्यांच्यात मोहरीच्या चतुर्थांशाएवढा एक कण पिवळा, उठून दिसणारा, बाकीच्यांच्या डोक्यावर उभा असल्यासारखा. तो पिवळा होता कारण तो जाड होता. बाकी सगळं झिजलं, तो झिजला नव्हता.

दोघी ती काच घेऊन वर गेल्या. प्रमुखांनी पाहिलं आणि मान हलवली.

“कुरुंद आहे,” ते म्हणाले. “यात शंका नाही. पण बाई, तुमची पूड कशाची आहे?”

“कुरुंदाची,” ती म्हणाली.

“तुमच्याच पुडीतला एखादा मोठा कण भेगेत रुतून बसला असणार. हे असं जगभर होतं. यावर मी प्रबंधात एक ओळसुद्धा लिहू देणार नाही.” मास्तरणीकडे वळून ते जरा मऊपणानं म्हणाले, “तुमच्याकडे सात-आठ आठवडे आहेत. पायथ्याच्या दगडांवर लिहा आणि मोकळ्या व्हा.”

जिना उतरताना मास्तरीण रडवेली झाली होती. कापवाली मात्र भडकली होती, आणि प्रमुखांवर नव्हे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून तर ते इतकं झोंबलं. आपल्याच पुडीचा विचार आपल्या डोक्यात यायला हवा होता.

“म्हणजे आता असा दाणा हवा,” ती म्हणाली, “की ज्याला माझी पूड कधी लागलेलीच नाही. दगड फोडल्या फोडल्या, दगडात बसलेला.”

“ताई, तीनशे वर्षांत कुणाला नाही सापडला.”

“तीनशे वर्षं लोक नदीत शोधत होते.”

ती बाबांबरोबर राहायची, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी चाळीस वर्षं वरच्या खाणीत सुरुंगासाठी भोकं पाडली होती. त्या आवाजानं कान गेले होते आणि आवाज मात्र वाढला होता. ते साधं “मीठ दे” म्हणाले तरी खालच्या शिंप्याची सुई थांबायची. संध्याकाळी जेवताना तिनं त्यांना सगळं ओरडून सांगितलं.

“काळ्या भिंतीतला दगड असणार!” बाबा म्हणाले.

“कसली काळी भिंत?”

“खाणीत उत्तरेकडं एक उभा पट्टा आहे. दोन हात रुंद. बाकीच्या दगडाहून काळा, आणि त्यात हिरव्या गाठी. तिथं भोक पाडायला कुणी तयार नसायचं. इतर ठिकाणी पहारीचं टोक आठवडाभर चालायचं, तिथं दोन दिवसांत बोथट. मुकादम म्हणायचा, तुम्ही आळशी आहात. चांगली टोकं चोरून विकता म्हणायचा!” चाळीस वर्षांपूर्वीचा राग त्यांच्या चेहऱ्यावर ताजाच होता. “चोर म्हणाला मला, सगळ्यांसमोर.”

ती ताट सोडून त्यांच्याकडे पाहत राहिली. “बाबा, ती भिंत दाखवाल?”

“काय?”

“भिंत! दाखवाल का?”

“गुडघे नाही म्हणतात,” बाबा म्हणाले. “पण त्यांना विचारतो कोण?”

रविवारी सकाळी तिघं निघाली. बसमधून उतरून अर्ध्या तासाची चढण होती. बाबांना सव्वा तास लागला. दर वळणावर ते दगडावर बसायचे आणि आपण थकलो नसून देखावा पाहत आहोत असं मोठ्यानं जाहीर करायचे. खाण वीस वर्षांपासून बंद होती. कुंपणाच्या फाटकावर एक रखवालदार होता. त्यानं मास्तरणीचं विभागाचं पत्र वाचलं आणि सांगितलं की आणखी महिन्याभरात शहरातला बांधकामाचा राडारोडा इथं ओतून खाण बुजवणार आहेत. जे न्यायचं ते लवकर न्या.

काळी भिंत होती. बाबांनी ती न शोधताच दाखवली, घरातला कोपरा दाखवावा तशी. पट्ट्यात ठिकठिकाणी आवळ्याएवढ्या हिरव्या गाठी बसलेल्या. मास्तरणीनं एका गाठीवर भिंग धरलं आणि खालीच बसली.

“हा खडक इथला नाही,” ती म्हणाली. “ही गाठ पृथ्वीच्या कवचाच्याही खालून आली आहे. लाव्हानं फोडून आणलेली. मी सहा महिने या टेकडीवर फिरतेय, खाणीच्या तळाशी पडलेले तुकडे तेवढे उचलले, ते इथूनच सुटलेले असणार, आणि या कोपऱ्यात आलेच नाही. वाट ओघळलेल्या मातीनं बुजली होती म्हणून सोडून दिलं.”

“आता सोडू नका,” कापवाली म्हणाली आणि हातोडा उचलला.

पहिल्या रविवारी त्यांनी दुपारी चारपर्यंत दगड फोडले. हिरव्या गाठी मिळाल्या, चकचकीत काळे दाणे मिळाले, हाताला फोड मिळाले. नीलम नाही. आठवड्याभरात कापवालीनं खालच्या खोलीत आणखी एक बिघडलेली काच जमवली आणि मास्तरणीनं पायथ्याच्या दगडांचं एक प्रकरण लिहून ठेवलं; काहीच नाही सापडलं तर रिकाम्या हातानं शाळेत परतायला नको म्हणून. दुसऱ्या रविवारी ऊन भाजून काढत होतं. बाबा सावलीत बसून सूचना करत होते: इथं मार, तिथं नको, दगडाची रेघ बघ, रेघेवर मार. दुपारी मास्तरणीच्या मोठ्या मुलीचा फोन आला. धाकट्याला ताप होता. ती जाऊ की नको करत उभी राहिली.

“जा,” कापवाली म्हणाली. “दगड कुठं पळून जात नाही.”

“पण तुम्ही एकट्या...”

“मी एकटी कुठं? बाबांचा आवाज आहे की सोबतीला.”

ती एकटीच फोडत राहिली. त्याही दिवशी काही मिळालं नाही. उतरताना बाबांचा पाय मुरगळला. त्यांना धरून खाली आणताना तिच्या मनात प्रथमच आलं की कोठीत चिठ्ठ्या लावणं काही इतकं वाईट काम नसेल. ती हे बोलली नाही. पण बसची वाट पाहताना बाबा, कधी नव्हे ते हळू आवाजात, म्हणाले, “मुकादमाला मी तेव्हा उलट बोललो नाही. तुझी आई म्हणाली, गप्प बसा, नोकरी आहे. बसलो गप्प.” मग ते म्हणाले, “पुढच्या रविवारी मी घरीच बसतो. तू मात्र जा.”

तिसऱ्या रविवारी ती आणि मास्तरीण दोघीच गेल्या. महिना संपायला पाच दिवस राहिले होते. बाबांनी सांगितल्याप्रमाणे कापवालीनं या वेळी भिंतीच्या मधोमध न मारता कडेला, जिथं काळा दगड साध्या दगडाला टेकतो तिथं, रेघ पाहून छिन्नी लावली. साडेअकराच्या सुमारास डोक्याएवढा एक तुकडा सुटला आणि फुटून त्याचे दोन झाले. एकाच्या फुटक्या तोंडावर बोटाच्या पेराएवढं काहीतरी होतं. काळपट, मळकट, खडबडीत कातडीचं. कुणीही टाकून दिलं असतं. पण त्याची एक कड हातोड्याच्या धक्क्यानं उडाली होती, आणि उडालेल्या जागेत शाईसारखा निळा रंग होता.

तिनं हाक मारली नाही. मास्तरणीला वाटलं तिला लागलंय, म्हणून ती धावत आली.

“हात लावू नका,” कापवाली म्हणाली. “माझ्याही हाताला पूड असेल. नखांत असतेच. पुसायचं नाही, धुवायचं नाही, काढायचा तर नाहीच.”

मास्तरणीनं आपली ओढणी काढून दगडाभोवती गुंडाळली. सात किलोचा तो तुकडा कापवालीनं आधी छातीशी धरून आणि मग बसमध्ये मांडीवर घेऊन शहरात आणला. शेजारच्या बाईनं “किती महिन्यांचं?” असं विचारलं आणि ओढणीखाली पाहून जागा बदलली.

सोमवारी सकाळी दगड प्रमुखांच्या टेबलावर होता.

त्यांनी भिंग घेतलं. पाच मिनिटं ते दगडावर वाकून होते. मग ते उठले, कपाटातून कठीणपणा तपासायच्या टोचण्यांची पेटी काढली, पुष्कराजाची, म्हणजे कुरुंदाहून एकच पायरी मऊ अशा टोपाझची, टोचणी उचलली आणि निळ्या कडेवर जोरानं ओढली. टोचणीचीच पांढरी रेघ उमटली. बोटानं पुसली तर गेली. खाली चरा नव्हता.

“नदीतला खडा कुणी दगडात चिकटवून देऊ शकतं,” ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात पूर्वीचा ठामपणा नव्हता.

“शकतं,” कापवाली म्हणाली. “म्हणून मी तो मधून कापणार आहे. तुमच्यासमोर. अर्धा दगडातच राहील, अर्ध्याचा काप करीन. चिकटवला असेल तर कडेला गोंद दिसेल. दगडातला असेल तर दगडातलाच दिसेल. तुम्ही खाली येऊन बसा, सर. माझ्या हाताकडे बघत बसा.”

बावीस वर्षांत प्रमुख त्या खोलीत दोनदा आले होते, दोन्ही वेळा पाण्याचा नळ गळतो म्हणून. आता ते मास्तरणीच्या स्टुलावर बसले. हिऱ्याच्या धारेचं पातं दगडात उतरताना कर्कश आवाज निघाला. खनिजापाशी पोचल्यावर तो इतका वर चढला की मास्तरणीनं कान झाकले. कापवालीनं झाकले नाहीत. आवाजावरूनच तिला पात्याचा वेग सांभाळायचा होता. त्या एका खड्याच्या पलीकडे जायला पात्याला पन्नास मिनिटं लागली.

पुढे दोन दिवस घासणं चाललं. कुरुंदाच्या पुडीला या खेपेला तिनं हातही लावला नाही, सगळं हिऱ्यावर. प्रमुख सकाळी येत, तासभर बसत, वर्गावर जात आणि परत येत. दुसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता पाण्याची बादली भरून ठेवली. बुधवारी दुपारी तीन वाजता तिनं काच धुतली, कोरडी केली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि स्वतः न पाहता बाजूला झाली.

“आधी तुम्ही बघा, सर.”

त्यांनी पाहिलं. इतक्या पातळ कापात निळा रंग जवळजवळ उरला नव्हता. मास्तरीण त्यामुळे धास्तावली होती. पण रंगाची गरजच नव्हती. खड्याची कड सरळ नव्हती. ठिकठिकाणी आत खाल्लेली होती, समुद्राच्या काठाला खाड्या असाव्यात तशी. आणि त्या खाल्लेल्या कडेभोवती सगळीकडून एका गडद खनिजाची झालर होती, तिचे दाणे एका बाजूनं नीलमात आणि दुसऱ्या बाजूनं लाव्हात गुंतलेले.

“स्पिनेल,” प्रमुख पुटपुटले. “नीलम आणि लाव्हा एकमेकांना भिडले तिथं तयार झालेलं. हे गोंदानं होत नाही. पुडीनं होत नाही.” ते नळीवरून डोळा न काढता बोलत होते, स्वतःशीच. “हा इथं जन्मलाच नाही. खालून आला. लाव्हा त्याला खात होता, आणि पुरता खाऊन व्हायच्या आत थिजला.” मग त्यांनी मान वर केली. “तीस वर्षं मी या टेकडीखालून गाडी चालवत कामावर येतोय.”

त्यांनी चष्मा काढून पुसला.

“बाई, त्या दिवशी मी तुमच्या हाताबद्दल बोललो.”

“बोललात.”

“ते चुकलं.”

“पुडीबद्दल बोललात ते मात्र बरोबर होतं,” ती म्हणाली. “ते बोलला नसता तर आम्ही खाणीत गेलो नसतो.”

संध्याकाळच्या आत बदलीचा कागद रद्द झाला. खाण बुजवायचं काम थांबवावं म्हणून प्रमुखांनी स्वतः नगरपालिकेत जाऊन अर्ज दिला. उत्तरेकडची भिंत उघडी ठेवायचं कबूल झालं, बाकीची खाण बुजली. शनिवारी कापवालीनं बाबांना विभागात आणलं. त्यांनी एक डोळा मिटून नळीत पाहिलं आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “हे सरकारी कागदावर लिहून मिळेल का? की त्या भिंतीत खरंच काहीतरी होतं म्हणून?” मास्तरणीनं ते लिहून दिलं, खाली विभागाचा शिक्काही मारला. मुकादम कधीच वारला होता. बाबांनी कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि पुढे तो कुणाला दाखवल्याचं तिनं पाहिलं नाही.

प्रबंध वेळेवर झाला. त्याआधी शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला, तेव्हा मास्तरणीनं वर दोन नावं लिहिली होती, आपलं आणि कापवालीचं. प्रमुख जरा अडखळले. काप करणाऱ्यांचे शेवटी आभार मानायची रीत आहे, ते म्हणाले. ठळक अक्षरात मानू हवं तर.

मास्तरीण बोलायला निघाली होती. कापवालीनं तिला हातानं थांबवलं.

“आभार नकोत, सर,” ती म्हणाली. “दगडात काय आहे ते पाहणं माझं काम नाही, असं मीच इतकी वर्षं समजत होते. आता पाहिलंय. नाव पाहिजे.”

प्रमुखांनी मसुदा पुन्हा उचलला, पहिल्या पानाकडे थोडा वेळ पाहिलं आणि तिच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का एवढंच विचारलं. एक अक्षर चुकलं होतं. तिनं ते स्वतःच्या हातानं दुरुस्त केलं.

दोन आठवड्यांनी सकाळी ती कामावर आली तेव्हा दाराशी चार जुन्या लाकडी पेट्या होत्या, आणि प्रमुख त्यांच्यावरची धूळ झटकत उभे होते. पूर्वेच्या डोंगरातले, त्यांनी तीस वर्षांपूर्वी खांद्यावरून आणलेले दगड.

“नदीतले सगळेच खडे टेकडीतून आले असतील असं नाही,” ते म्हणाले. “काही तिकडूनही आले असतील. किंवा नसतील. मी त्या वेळी मोजके काप पाहिले आणि लिहून मोकळा झालो. आता सगळे पाहायचे आहेत. माझं चुकलेलं निघालं तर तसंच सांगा.”

“जे असेल ते दिसेलच,” ती म्हणाली. तिनं पहिल्या पेटीचं झाकण उघडलं, वरचा दगड उचलून हातात तोलला आणि पात्यावर पाणी सोडलं.